पिंप नेमके कोणाकडे निघाले आहे?

२०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेने चीनमधून येणाऱ्या मालावर जादा आयातशुल्क लावले, तेव्हा त्यासाठी दिलेल्या कारणांत फेंटानिल हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता. हा अमली पदार्थ तयार करायला लागणारी रसायने चीनमधून निघतात, मेक्सिकोत पोहोचतात आणि तिथे तयार झालेला माल अमेरिकेत शिरतो, अशी ती तक्रार होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चीनने काही रसायने अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा या देशांत पाठवण्यावर निर्बंध आणले. या बातम्या वाचणाऱ्याला साहजिकच प्रश्न पडतो, की अमली पदार्थांची मुळे या रसायनांत असतील, तर ती विकायला सरसकट बंदी का नाही? आणि बंदी नसेल, तर त्यांच्यावर लक्ष कोण ठेवते?

लक्ष ठेवणारी एक आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहे आणि ती पस्तीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. छापे, जप्ती आणि अटका यांच्या बातम्या होतात, पण कागदपत्रे तपासून थांबवलेल्या मालाची बातमी सहसा होत नाही, त्यामुळे ही व्यवस्था फारशी कोणाला ठाऊक नाही. तिचे बळ आणि तिचे दुबळेपण या दोन्ही गोष्टी समजून घेतल्या नाहीत, तर अमली पदार्थांवरची चर्चा अर्धवटच राहते, असे मला वाटते.

पूर्वगामी रसायन म्हणजे काय?

अमली पदार्थ वनस्पतीपासून मिळणारा असो वा संपूर्णपणे प्रयोगशाळेत घडवलेला, वापरणाऱ्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी बहुतेक वेळा त्याला रसायनांची गरज लागते. अफूतील मॉर्फिनचे हेरॉइन करण्यासाठी ॲसेटिक ॲनहायड्राइड हे उग्र वासाचे द्रव रसायन लागते. कोकाच्या पानांपासून काढलेला कच्चा माल शुद्ध करण्यासाठी पोटॅशियम परमँगनेट वापरतात. एफेड्रिन आणि स्यूडोएफेड्रिन ही सर्दीवरील औषधांतील द्रव्ये मेथाम्फेटामाइन या तीव्र उत्तेजक पदार्थाचा कच्चा माल ठरतात. अशा रसायनांना इंग्रजीत 'प्रिकर्सर' आणि मराठीत पूर्वगामी रसायने म्हणतात. काटेकोरपणे बोलायचे तर ज्या रसायनाचा रेणू अंतिम पदार्थाचा भाग होतो तेवढेच पूर्वगामी. पण नियंत्रणाच्या व्यवहारात हा शब्द सैलपणे वापरला जातो.

हा फरक बांधकामाच्या उदाहरणाने लवकर लक्षात येतो. इमारत उभी राहताना विटा भिंतीतच राहतात, तर परांची काम संपल्यावर उतरवली जाते. परांचीशिवाय भिंत चढत नाही, पण तयार इमारतीत ती दिसत नाही. काही रसायने विटांसारखी असतात, तर काही परांचीसारखी : विरघळवणारी, धुणारी, शुद्ध करणारी. ॲसेटोन, टोल्युइन, सल्फ्युरिक आम्ल ही सगळी परांचीतली मंडळी. बेकायदा कारखान्याला दोन्ही लागतात, म्हणून नजर दोन्हींवर ठेवावी लागते.

मग बंदीच का घालत नाहीत?

कारण हीच रसायने रोजच्या जगण्याच्या तळाशी आहेत. ॲसेटिक ॲनहायड्राइडपासून सेल्युलोज ॲसिटेट हा धागे व प्लास्टिकसाठीचा पदार्थ तयार होतो, ॲस्पिरिनच्या निर्मितीतही ते लागते आणि जगभरात त्याचे उत्पादन लाखो टनांत होते. पोटॅशियम परमँगनेटने पाणी शुद्ध केले जाते. सल्फ्युरिक आम्लाशिवाय खतांचे कारखाने चालणार नाहीत. एक्स्टसी या नावाने विकल्या जाणाऱ्या गोळ्यांतील द्रव्यासाठी वापरता येणारे पिपेरोनल सुगंधी द्रव्यांच्या उद्योगात सर्रास वापरले जाते. बंदी घातली तर एका बेकायदा कारखान्यासाठी शेकडो कायदेशीर कारखाने बंद पडतील.

इथेच या रसायनांचे नियंत्रण खुद्द अमली पदार्थांच्या नियंत्रणाहून वेगळे होते. हेरॉइनचे पुडके कोणाच्या खिशात सापडले तर पुढे विचारण्यासारखे फार थोडे उरते. ॲसेटिक ॲनहायड्राइडचे पिंप गोदामात सापडले तर खरा प्रश्न तिथून सुरू होतो : हे कोणी मागवले, कशासाठी, आणि त्याच्या धंद्याला इतके लागते का? बँका मोठी रोकड भरणाऱ्याला पैशाचा उगम विचारतात, त्याच जातीची ही चौकशी आहे. या लेखात मला सांगायचे आहे ते एवढेच, की ही सगळी व्यवस्था रसायनांच्या यादीपेक्षा खरेदीदाराच्या ओळखीवर तोललेली आहे आणि जिथे ती ओळख पटवली जात नाही, तिथे यादी कितीही लांब असली तरी उपयोगाची नसते.

१९८८ चा करार आणि त्यातील दोन तक्ते

अमली पदार्थांविषयीचे जुने आंतरराष्ट्रीय करार १९६१ आणि १९७१ चे. त्यांत भर होता पदार्थांवर. ते बनवण्याच्या रसायनांची स्वतंत्र व्यवस्था त्यांत नव्हती. २० डिसेंबर १९८८ रोजी व्हिएन्ना येथे संयुक्त राष्ट्रांचा तिसरा करार स्वीकारला गेला आणि ११ नोव्हेंबर १९९० पासून तो लागू झाला. आज जगातील जवळजवळ सर्व देश त्यात सामील आहेत. त्याचे बारावे कलम हा रसायनांच्या नियंत्रणाचा पाया आहे.

कराराला दोन तक्ते जोडलेले आहेत. पहिल्या तक्त्यात अधिक कडक देखरेखीची रसायने आहेत : एफेड्रिन, स्यूडोएफेड्रिन, सॅफ्रोल, लायसर्जिक आम्ल अशी. दुसऱ्यात ॲसेटोन, टोल्युइन, हायड्रोक्लोरिक व सल्फ्युरिक आम्ल यांसारखी, प्रचंड प्रमाणात वापरली जाणारी रसायने आहेत. ढोबळमानाने विटा पहिल्या तक्त्यात आणि परांची दुसऱ्यात असे म्हणता येईल, पण ही विभागणी काटेकोर नाही. पोटॅशियम परमँगनेट हे परांचीसारखे रसायन असूनही त्याला आणि त्याच्याबरोबर ॲसेटिक ॲनहायड्राइडला २००१ मध्ये पहिल्या तक्त्यात हलवण्यात आले, कारण कोकेन आणि हेरॉइनच्या व्यापारात त्यांचे महत्त्व फार मोठे होते.

नवे रसायन यादीत घालण्याची पद्धत सावकाश चालणारी आहे. एखादा देश किंवा आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ नियंत्रण मंडळ तसा प्रस्ताव मांडते. व्हिएन्नातील हे मंडळ १३ सदस्यांचे असते आणि हे सदस्य आपापल्या सरकारचे प्रतिनिधी म्हणून तिथे बसत नाहीत. मंडळ त्या रसायनाचा कायदेशीर वापर किती, बेकायदा वापर किती, पर्याय कोणते, याचा अभ्यास करते. मग ५३ देशांचा अमली पदार्थ आयोग दोन तृतीयांश बहुमताने निर्णय घेतो आणि तो निर्णय देशांना कळवल्यापासून १८० दिवसांनी अमलात येतो. अभ्यासाचा आणि मतदानाचा काळ वेगळाच. हा संथपणा लक्षात ठेवावा, पुढे तो फार महागात पडलेला दिसेल.

जहाज सुटण्यापूर्वीची सूचना

या व्यवस्थेचा प्राण एका साध्या कागदात आहे. त्याला निर्यातपूर्व सूचना म्हणतात. समजा, एका देशातील उत्पादकाला दुसऱ्या देशातील एका कंपनीकडून वीस टन ॲसेटिक ॲनहायड्राइडची मागणी आली. खरेदीदार देशाने तशी सूचना मिळावी अशी विनंती आधीच नोंदवलेली असेल, तर माल हलवण्यापूर्वी निर्यात करणाऱ्या देशाच्या अधिकाऱ्यांना ती पाठवणे बंधनकारक असते. सूचनेत काय असते तेही करारात लिहिलेले आहे : निर्यातदाराचे व आयातदाराचे नाव आणि पत्ता, माहीत असल्यास माल अखेर ज्याच्याकडे जाणार त्याचेही नाव-पत्ता, रसायनाचे नाव, त्याचे प्रमाण, माल कोणत्या बंदरात किंवा सीमानाक्यावर शिरणार आणि तो केव्हा रवाना होणार.

आता ही सूचना दुसऱ्या टोकाला एका कर्मचाऱ्यासमोर उघडते. त्याने काय पाहावे? या नावाची कंपनी नोंदणीकृत आहे का? दिलेल्या पत्त्यावर खरोखर कारखाना आहे, की नुसती भाड्याची खोली? तिथे जे तयार होते त्यात हे रसायन लागते का? मागील वर्षी पाच टन मागवणाऱ्याला यंदा वीस टन कशाला हवे? कधी कधी ज्या कंपनीच्या नावाने मागणी आली आहे तिला विचारले, तर तिने मागणी केलेलीच नसते. तिचे नाव कोणी तरी परस्पर वापरलेले असते. उत्तर नकारार्थी गेले तर माल उत्पादकाच्याच आवारात राहतो. कोणाला बेड्या पडत नाहीत, पण वीस टन रसायन आडवाटेला लागत नाही.

पूर्वी हा पत्रव्यवहार फॅक्सवर चाले आणि दिवसचे दिवस रखडे. मार्च २००६ पासून मंडळाने यासाठी 'पेन ऑनलाइन' ही संगणकीय प्रणाली सुरू केली आणि आज दीडशेहून अधिक देश तिच्यावर नोंदलेले आहेत. २०१२ मध्ये तिला 'पिक्स' ही दुसरी प्रणाली जोडली गेली. पहिली कायदेशीर व्यापाराची, दुसरी घटनांची : जप्ती, चोरी, संशयास्पद मागणी, उघडकीला आलेला कारखाना. एका देशात पकडलेल्या पिंपावरील लेबल दुसऱ्या देशातील तपासाचे पहिले टोक ठरू शकते.

या पद्धतीचे सर्वांत स्पष्ट उदाहरण अफगाणिस्तानचे आहे. आपल्या देशात ॲसेटिक ॲनहायड्राइडचा कोणताही कायदेशीर उपयोग नाही, असे त्या देशाच्या सरकारने कळवले. म्हणजे तिकडे निघालेल्या प्रत्येक पिंपाबद्दलचा प्रश्न आपोआप सुटला. जून २००८ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १८१७ याच विषयावर केला.

माल फुटतो कुठे?

देशांमधील मोठा व्यापार या नजरेखाली आला, पण देशांतर्गत व्यापार प्रत्येक सरकारच्या स्वतःच्या कायद्यावर सोडलेला आहे. माल सीमा ओलांडून कायदेशीरपणे आत येतो आणि मग तिसऱ्या-चौथ्या विक्रेत्याच्या हातून गायब होतो. काही वेळा परवानाधारकच सामील असतो. दुसरी फट करारातच आहे. ज्या औषधी मिश्रणांतून रसायन सहज वेगळे काढता येत नाही त्यांना बाराव्या कलमातून सूट आहे. ही सूट रुग्णांच्या सोयीची आहे. तस्करांनी मात्र कच्च्या भुकटीऐवजी गोळ्याच मागवायला सुरुवात केली आणि 'सहज' या शब्दाचा अर्थ किती ताणता येतो ते दाखवून दिले.

यादी एक पाऊल टाकते, तस्कर दोन

कंबोडियाच्या पश्चिमेला कार्डमम पर्वतरांगा आहेत. तिथल्या जंगलात एका दुर्मिळ झाडाच्या मुळांत सॅफ्रोलने भरलेले तेल असते. झाड पाडायचे, मुळे खणून बारीक करायची, मोठ्या भांड्यांत घालून दिवसचे दिवस उकळायची आणि वर येणारे तेल पिंपांत भरायचे, असा धंदा राखीव जंगलात चालत असे. भट्ट्या पेटत्या ठेवायला आजूबाजूची इतर झाडे तोडली जात आणि उरलेला कचरा ओढ्यांत जाई. हे तेल एक्स्टसीच्या निर्मितीसाठी जात होते. जून २००८ मध्ये पुर्सात प्रांतात असे ३३ टन जप्त तेल ऑस्ट्रेलियाच्या पोलिसांच्या मदतीने नष्ट करण्यात आले.

त्यानंतर युरोपच्या बाजारात एक्स्टसीच्या द्रव्याचा तुटवडा झाला. नियंत्रणाचे यश म्हणून हे नक्कीच मोजावे लागेल. पण त्या काळात एक्स्टसी म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत दुसरीच, काही वेळा अधिक घातक द्रव्ये सापडू लागली, हेही त्याच हिशेबात धरावे लागते. आणि काही वर्षांत सॅफ्रोलला वळसा घालणारी नवी रसायने आली. त्यांचा दुसरा काही उपयोगच नव्हता. कायद्याच्या यादीत नसलेले, पण एका टप्प्यात यादीतील रसायन देणारे असे रेणू मुद्दाम घडवले जाऊ लागले. त्यांतील दोन २०१९ मध्ये यादीत आले.

ॲम्फेटामाइन या उत्तेजक पदार्थाच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक वेगाने घडली. 'ॲपान' या संक्षिप्त नावाचे रसायन २०१४ मध्ये यादीत घातले, तेव्हा त्याच्या जागी 'ॲपा' आले. ते २०१९ मध्ये यादीत घातले, तोवर 'मापा' बाजारात होते, आणि ते २०२० मध्ये यादीत आले. दारावर ओळखपत्र तपासणाऱ्या पहारेकऱ्यासमोर तोच माणूस दर वेळी नवे नाव घेऊन उभा राहावा, तसे हे आहे. कोलंबियात तर पोटॅशियम परमँगनेटची आयात अवघड झाल्यावर तेच रसायन चोरून तयार करणारे कारखाने सापडले.

यावर तीन उपाय पुढे आले. पहिला म्हणजे मंडळाची विशेष देखरेख यादी. तीत असलेल्या रसायनांवर कायदेशीर बंधन नसते, पण उत्पादकांनी त्यांच्या मागण्यांकडे संशयाने पाहावे अशी अपेक्षा असते. दुसरा उपाय तेराव्या कलमातला, म्हणजे गोळ्या पाडण्याची यंत्रे आणि इतर साहित्य यांच्या व्यापारावर लक्ष. तिसरा २०२४ च्या मार्चमध्ये घेतला गेला. एकाच सांगाड्यावर बेतलेल्या, एकमेकांची भावंडे शोभतील अशा रसायनांचे दोन गट त्या वेळी एकत्रच यादीत घालण्यात आले, आणि त्यांतली काही तोवर बाजारात दिसलीही नव्हती. मला हा निर्णय फार महत्त्वाचा वाटतो, कारण यादी पहिल्यांदाच जाणीवपूर्वक तस्करांच्या पुढे सरकली.

सामान्य रुग्णाला याचा भुर्दंड नाही का?

आहे, आणि तो मान्य केला पाहिजे. घरगुती मेथाम्फेटामाइन कारखान्यांना आळा घालण्यासाठी अमेरिकेने २००६ पासून स्यूडोएफेड्रिनची औषधे दुकानाच्या मांडणीवरून उचलून विक्रेत्याच्या पाठीमागे ठेवायला लावली. खरेदीदाराला ओळखपत्र दाखवून नोंदवहीत सही करावी लागू लागली. हा त्रास नको म्हणून औषध कंपन्यांनी अनेक गोळ्यांत स्यूडोएफेड्रिनऐवजी फेनिलेफ्रिन घातले. चोंदलेल्या नाकासाठी लोक वर्षानुवर्षे ही गोळी घेत राहिले. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ सल्लागारांनी एकमताने सांगितले, की नेहमीच्या मात्रेत पोटात घेतलेले फेनिलेफ्रिन नाक मोकळे करण्यास उपयोगी पडत नाही.

आणि मेथाम्फेटामाइनचे काय झाले? अमेरिकेतील छोटे कारखाने आधी घटले. मेक्सिकोनेही २००८ मध्ये स्यूडोएफेड्रिनवर बंदी घातली. तेव्हा तिथल्या मोठ्या टोळ्या एफेड्रिन लागतच नाही अशा दुसऱ्या रासायनिक मार्गाकडे वळल्या आणि काही वर्षांत तो माल पूर्वीपेक्षा स्वस्त व मुबलक झाला. लहान मुले असलेल्या घरांत, स्वयंपाकघरात पेटणारे, स्फोट होणारे कारखाने कमी झाले, हा लाभ खरा आहे. पण पुरवठा थांबला नाही, हेही तितकेच खरे. नियमाची किंमत कोण भरतो याचा हिशेब नियम करतानाच मांडायला हवा होता, असे या अनुभवावरून वाटते.

फेंटानिलने गणित कसे बिघडवले?

आतापर्यंतच्या सगळ्या पद्धतीमागे एक गृहीत होते, की बेकायदा उत्पादनाला रसायन टनांनी लागते आणि टनांनी जाणारा माल दिसतो. फेंटानिलने हे गृहीतच मोडले. दोन मिलिग्रॅम फेंटानिलही जीवघेणे ठरू शकते, असे अमेरिकी अमली पदार्थ विरोधी यंत्रणा सांगते. इतक्या प्रभावी पदार्थाच्या कच्च्या मालाला पिंपांची गरज नाही. तो टपालाच्या पार्सलमध्ये, दुसऱ्याच वस्तूचे नाव लावून जाऊ शकतो. कंटेनरसाठी बनवलेल्या जाळीची भोके त्याच्यासाठी फार मोठी आहेत.

फेंटानिलची दोन मुख्य पूर्वगामी रसायने २०१७ मध्ये, आणखी तीन २०२२ मध्ये आणि त्यांच्याही मागच्या टप्प्यातील दोन २०२४ मध्ये यादीत आली. चीनने २०१९ मध्ये फेंटानिलच्या संपूर्ण रासायनिक कुटुंबावरच नियंत्रण आणले, तेव्हा तयार फेंटानिल थेट पाठवणे अवघड झाले आणि निर्मितीचे काम मेक्सिकोकडे सरकले. यादी जसजशी मागच्या टप्प्यांकडे सरकते, तसतसे रसायन अधिक साधे, अधिक व्यापक वापराचे होत जाते आणि खरा औषध कारखाना व खोटा खरेदीदार यांतला फरक कागदावरून ओळखणे कठीण होते. शुल्क आणि निर्बंधांच्या धमक्यांनी सरकारे टेबलावर येतात, हे २०२५ मध्ये दिसले. पण त्या टेबलावरून उठल्यावर प्रत्येक मागणी तपासायला कोणी तरी बसावेच लागते.

मग हे सारे व्यर्थ आहे का?

तसे मला वाटत नाही. तस्करांना स्वतः रसायने घडवावी लागतात, मुद्दाम नवे रेणू शोधावे लागतात, रसायनतज्ज्ञ पदरी ठेवावे लागतात, याचा अर्थ कायदेशीर बाजारातून हवे ते उचलण्याचा सोपा रस्ता त्यांच्यासाठी पुष्कळ अरुंद झाला आहे. चोराला प्रत्येक वेळी नवे कुलूप फोडावे लागत असेल, तर कुलपे निरुपयोगी होती असे कोणी म्हणत नाही.

कमतरता आहे ती दुसरीकडे. काही देश अजून सूचना-प्रणालीवर नोंदलेले नाहीत. काहींनी नोंदणी केली, पण सूचना आधी मिळावी अशी औपचारिक विनंती केलेली नाही. आणि काही ठिकाणी हे काम पाहणारे एक-दोन कर्मचारी असतात, त्यांची बदली होते, आणि नव्या माणसाला प्रणालीचा संकेतशब्दही कोणी सांगून जात नाही. निर्यात करणारा देश उत्तरासाठी मुदत देतो. त्या मुदतीत कोणी सूचना उघडलीच नाही, तर साधारणपणे आयातदार देशाची हरकत नाही असे धरले जाते, आणि माल ठरल्या दिवशी निघतो.